भेटवस्तूंची बांधणी, मराठवाड्यातील

भेटवस्तूंची बांधणी : आहेर, वाण, बाळंतविडा किंवा वाढदिवसाची वस्तू देण्यापूर्वी ती कापडात, कागदात, पानांत वा टोपलीत बांधून सजवण्याची रीत. मराठवाड्यात या रितीचा विशेष असा, की ज्यात भेट बांधायची तेही बहुधा भेटीत धरलेले असते. डबा खणात बांधून दिला, तर पुढे त्या खणाचे पोलके शिवले जाते. दुरडीतून आंबे पाठवले, तर रिकामी दुरडी त्या घरी भाकरीसाठी राहते. म्हणून कमी खर्चात देखणी बांधणी करण्यासाठी इथे दुकान गाठावेच लागते असे नाही. लागणाऱ्या बहुतेक गोष्टी ट्रंकेत, शेताच्या बांधावर आणि शिंप्याच्या मशीनखाली पडलेल्या असतात.

पूर्वी लग्नातला आहेर गुंडाळून देण्याची चाल फारशी नव्हती. टॉवेल-टोपी, साडी-चोळी ताटात ठेवून चारचौघांसमोर दिली जाई. अधिक महिन्यात, म्हणजे धोंड्याच्या महिन्यात, जावयाला 33 अनारसे किंवा बत्तासे दिव्यासह ताटातून देतात आणि वर क्रोशाचा रुमाल टाकतात. छापील रंगीत कागद नंतरचा. अमेरिकेत कॅन्सस सिटीतल्या एका दुकानात 1917 च्या नाताळात पातळ साधे कागद संपल्यावर लिफाफ्यांच्या अस्तराचे नक्षीदार कागद विकायला ठेवले गेले. त्यांना मागणी आली आणि पुढे त्याचा मोठा धंदा झाला. आपल्याकडे हा चकचकीत कागद स्टेशनरीच्या दुकानांतून तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचला.

कापडी बांधणी. सगळ्यांत टिकाऊ आणि इथल्या हवेला, प्रवासाला मानवणारी पद्धत हीच. वैशाखातल्या उन्हात चिकटपट्टीचा डिंक सैल होतो आणि एसटीच्या गर्दीत कागदाचे कोपरे फाटतात. कापडाला यातले काही होत नाही. मापाचा आडाखा सोपा आहे : कापडाचा कर्ण वस्तूच्या लांबीच्या साधारण तिप्पट हवा. 80 सेंटीमीटर बाय 1 मीटरच्या ब्लाउज पीसचा कर्ण सुमारे 128 सेंटीमीटर भरतो, म्हणजे 40 सेंटीमीटरपर्यंतची, फार उंच नसलेली वस्तू त्यात नीट बसते.

खण उलटा पसरून वस्तू मधोमध तिरपी ठेवावी. आपल्याकडचा कोपरा तिच्यावर ओढून खाली खोचावा, समोरचा त्यावर आणावा आणि उरलेली दोन टोके दोन्ही बाजूंनी वर घेऊन सरगाठ मारावी. निरगाठ मारू नये. ती सुटता सुटत नाही, मग घाईत कोणीतरी कात्री आणते आणि चांगला खण वाया जातो. काठ वर दिसेल असा धरला, तर आणखी सजावट लागत नाही. शिक्षकाला द्यायचे पुस्तक शालीत, वडीलधाऱ्यांची वस्तू उपरण्यात आणि बाळंतविडा दुपट्यात बांधणे याच जातीचे. जपानमध्ये चौकोनी कापडात वस्तू बांधण्याची फुरोशिकी ही पद्धत जगभर नावाजली जाते. आपल्या आज्यांचे गाठोडे त्याच तत्त्वावर बांधले जात आले आहे, आणि त्यालाही तोच मान मिळायला हवा.

फितीऐवजी शिंप्याकडचे कातरण वापरता येते. दोन बोटे रुंदीच्या तीन पट्ट्यांची तिपेडी वेणी घातली, की मजबूत आणि रंगीत दोरी तयार होते. अंबाडीचा वाख, सुतळी किंवा केळीचे सोपटही चालते. नांदेड जिल्ह्यातला अर्धापूर भाग केळीचा असल्याने तिकडे सोपटाला तोटा नाही.

कागद. दौलताबादहून खुलताबादकडे जाताना लागणारे कागजीपुरा हे गाव हातकागदासाठी प्रसिद्ध आहे. मुहम्मद तुघलकाने 1327 मध्ये राजधानी दौलताबादला आणली, त्या घटनेशी तिथल्या कारागिरांची परंपरा जोडली जाते. सुती चिंध्या भिजवून, कुटून त्यांचा लगदा करतात, तो चाळणीसारख्या साच्यावर उचलून घेतात आणि वाळवून, घोटून ताव तयार करतात. असा एक ताव लहान भेटीला पुरतो आणि त्यावर काहीही न चिकटवता तो सुंदर दिसतो.

रोजच्यासाठी वह्यांना घालतात तो खाकी कागद उत्तम. भेंडी आडवी कापून, गेरूत बुडवून ठसे उमटवले, की पाच पाकळ्यांची फुले उठतात. गेरूत थोडा बाभळीचा डिंक विरघळवावा, नाहीतर वाळल्यावर तो हाताला लागतो. चिकटवायला मैद्याची खळ पुरते. चौकोनी डब्यासाठी कागदाची एक बाजू रुंदी व उंचीच्या बेरजेच्या दुप्पट अधिक तीन सेंटीमीटर आणि दुसरी लांबी अधिक दीडपट उंची एवढी घ्यावी. 20 बाय 15 बाय 10 सेंटीमीटरच्या डब्याला 53 बाय 35 सेंटीमीटर कागद लागतो. वर्तमानपत्राच्या उघडलेल्या जोडपानात तो निघतो. जुन्या दिनदर्शिकेची पाने कोरी बाजू वर करून घ्यावीत. लग्नपत्रिकांचा जाड कागद नावाच्या चिठ्ठ्यांसाठी चांगला, पण देवाचे चित्र आधी कापून वेगळे ठेवावे. ते पायदळी जाऊ नये अशी घरोघरी भावना असते.

पाने व टोपल्या. मराठवाड्याचा केशर आंबा, बीडचे सीताफळ आणि जालन्याची मोसंबी यांना भौगोलिक मानांकन आहे. ही फळे भेट द्यायची, तर बुरडाकडच्या दुरडीइतके योग्य दुसरे काही नाही. तळाशी वाळले गवत, मध्ये फळे, वर पळसाची पाने. लाडू, करंज्या पळसाच्या द्रोणांत मांडाव्यात. खाण्याचे पदार्थ वर्तमानपत्रात मुळीच गुंडाळू नयेत : शाईतली रसायने अन्नात उतरतात, आणि 2018 च्या अन्न सुरक्षा व मानके (पॅकेजिंग) नियमांतही याला मनाई आहे.

टाळावयाचे साहित्य. मिठाईच्या डब्यांवर आणि निमंत्रणपत्रिकांवर गुंडाळली जाणारी प्लास्टिकची फिल्म तसेच सजावटीचे थर्माकोल यांवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे. चकचकीत कागद मुळात कागद आहे की प्लास्टिक, हे मुठीत चुरगाळून कळते; सोडल्यावर तो पुन्हा पसरला, तर तो प्लास्टिकचा.

रोख आहेराच्या पाकिटांसाठी हिमरू किंवा पैठणीचे उरलेले तुकडे वापरता येतात. तळहाताएवढा तुकडा, आतून सुती अस्तर आणि एक टिचबटण एवढ्यात पाकीट होते, आणि 101 रुपये काढून घेतल्यावर त्यात जोडवी, कानातले ठेवले जातात.