तीर्थनचं पाणी चढलंय: बर्फामुळे की पावसामुळे?

मे-जूनमध्ये ट्राउट या थंड पाण्यातल्या माशासाठी फ्लाय रॉड, म्हणजे खोटी माशी (फ्लाय) फेकायची गळकाठी, घेऊन कुलूच्या तीर्थन नदीच्या खोऱ्यात गेलं की सगळं पाण्यावर येऊन ठरतं. काल ज्या दगडावर बसलो तो आज बुडालेला, रंगही बदललेला. बरेच जण ‘नदी चढली, आज काही खरं नाही’ म्हणत सामान आवरतात. सह्याद्रीतल्या नद्या पाहत वाढलेल्या माणसाचा तर हिशेब पक्का असतो: पाणी चढलं म्हणजे वर पाऊस झाला. तीर्थनला मात्र उन्हाळ्याच्या सुरुवातीला दोन कारणांनी पाणी चढतं. एक, वरचा बर्फ वितळून. दुसरं, पाऊस पडून. काठावरून पाहिलं तर दोन्ही सारखेच वाटतात. पण पहिल्यात मासा लागण्याची वेळ बऱ्यापैकी सांगता येते, आणि दुसऱ्यात आधी पाण्यातून बाहेर यायचं असतं.

बर्फाच्या पाण्याला घड्याळ असतं. ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या उंच भागात दिवसभर ऊन लागतं, सर्वांत जास्त बर्फ दुपारी वितळतो, आणि ते पाणी खाली पोचायला वेळ लागतो. प्रवाहाचा वेग सेकंदाला दीड-दोन मीटर धरला, तर 25 किलोमीटर यायला साडेतीन ते साडेचार तास. म्हणून खाली गुशैणी गावाच्या आसपास चढ जाणवतो तो संध्याकाळकडे, रात्री पाणी भरलेलं राहतं आणि सकाळी सर्वांत कमी असतं. संध्याकाळी पाण्याच्या रेषेवर एक ओळखू येईल असा दगड ठेवायचा. सकाळी तो कोरड्यात असेल आणि रेष हातभर खाली गेली असेल, तर बर्फाचाच चढ. मेमध्ये ऊन टिकलं तर हे रोज, आठवडेच्या आठवडे चालतं. तीर्थनवर जलविद्युत प्रकल्प होऊ द्यायचे नाहीत हे हिमाचलने ठरवलं, त्यामुळे नदीची ही लय आजही तशीच वाचता येते. धरणाखालच्या नदीत ती दाराच्या उघडझापीत हरवते.

पावसाला असली वेळ नसते. दुपारनंतर ढग दाटतात, जलोडी खिंडीच्या बाजूला गडगडतं, आणि तासाभरात पाणी चढतं. उतरतंही तसंच, बहुधा एका दिवसात. एक खूण मला सर्वांत भरवशाची वाटते. आभाळ भरलेल्या, गार दिवशी बर्फ कमी वितळतो, म्हणजे नदी उतरायला हवी. अशा दिवशी ती चढत असेल, तर वर कुठेतरी पाऊस पडतोय. आपल्या डोक्यावर थेंब नाही म्हणून निश्चिंत राहायचं नाही, कारण खोऱ्याच्या वरच्या टोकाला काय चाललंय ते खाली दिसत नाही.

रंगातही फरक आहे. बर्फ हळू वितळतो, जमिनीत मुरत मुरत येतो, म्हणून पाणी हिरवट, थोडं धूसर होतं. गुडघाभर पाण्यात तळाचे गोटे तरी दिसतात. पाऊस उघड्या मातीवर आणि रस्त्यासाठी कापलेल्या डोंगरकडांवर आपटतो, म्हणून पाणी तपकिरी होतं आणि सोबत पानं, काटक्या, देवदारच्या सुया येतात.   

आता मासा. तीर्थनचा खरा मानकरी ब्राउन ट्राउट. ब्रिटिशांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो कुलूच्या पाण्यात सोडला. साधारण 10 ते 16 अंशांच्या पाण्यात तो मनापासून खातो. बर्फाचं पाणी 6-7 अंशांवर असलं की तो उपाशी नसतो, पण खाण्यासाठी लांब हलत नाही. मोठ्या दगडामागच्या संथ पाण्यात, काठाच्या खोबणीत, तळाला चिकटून राहतो आणि तोंडासमोरून जाईल तेच उचलतो. दोरीला बांधलेला थर्मामीटर खिशात ठेवावा असं मी आग्रहानं सांगतो, कारण हातानं सगळंच पाणी बर्फगार लागतं.

म्हणून बर्फाच्या दिवसांत साधारण नऊ ते एक ही वेळ धरावी. पाणी उतरलेलं असतं, ऊन लागून एक-दोन अंश वर आलेलं असतं, आणि दुपारचा चढ अजून पोचलेला नसतो. मधल्या धारेत ड्राय फ्लाय (पाण्यावर तरंगणारी खोटी माशी) फेकत बसण्यात अर्थ नाही. काठाजवळचा एखादा गोटा उलटा करून पाहा: खालच्या ओल्या बाजूला चपट्या अळ्या पाय घट्ट रोवून बसलेल्या दिसतील. तीन शेपट्यांची असेल तर बहुधा मेफ्लायची, दोन शेपट्यांची जाड असेल तर स्टोनफ्लायची. त्याच रंगाची, टंगस्टनचा मणी असलेली वजनदार निम्फ (अशा अळीसारखी दिसणारी, बुडणारी फ्लाय) घ्यायची आणि दोन-तीन रॉडच्या अंतरातच, तळाला टेकत जाईल अशी सोडायची. लांब कास्टची इथे गरजच नाही. मासा बहुतेकदा तुमच्या पायांपासून चार हातांवर असतो, म्हणून पाण्यात उतरण्याआधी काठच धुंडाळायचा.

पावसाच्या चढात, पाणी चढत असताना, फ्लायचा विचारही नको. तपकिरी पाण्यात पाऊल कुठे पडतंय ते दिसत नाही आणि ओंडके वाहून येतात. नदीच्या पलीकडे गेला असाल तर रंग बदलताच परत या, दुपारच्या जेवणाची वाट पाहू नका. जूनच्या शेवटी मान्सून येतो तेव्हा वर थोडा बर्फ शिल्लक असतो, आणि त्यावर पाऊस पडला की दोन्ही चढ एकत्र येतात. ते पाणी सर्वांत वाईट.

लारजीला तीर्थन बियास नदीला मिळून संपते आणि तिथून खाली बियासवर हे कुठलेच ठोकताळे चालत नाहीत. 8 जून 2014 रोजी लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात हैदराबादच्या अभियांत्रिकी कॉलेजचे 24 विद्यार्थी वाहून गेले. तिथे ना पाऊस होता, ना बर्फाचा चढ. धरणाखालच्या पात्रात फोटोसाठीसुद्धा उतरू नये.

तीर्थनवर मात्र पाऊस थांबल्यावर धीर धरणाऱ्याला फळ मिळतं. पाणी उतरायला लागून तपकिरीचं चहाच्या रंगावर आलं, फूटभर खोलीपर्यंत दिसू लागलं, की ट्राउट काठाला येतो. पावसानं गांडुळं, भुंगे, नाकतोडे धुऊन आणलेले असतात, आणि गढूळपणामुळे तो एरवीसारखा बुजत नाही. गडद रंगाचा, मोठा स्ट्रीमर (छोट्या माशासारखी दिसणारी फ्लाय) काठाला समांतर ओढायचा, नेहमीपेक्षा जाड टिपेट (फ्लाय बांधायचा दोरीच्या टोकाचा धागा) लावून. हे पाणी टिकतं काही तासच. ते नितळ झालं की मासा पुन्हा बुजरा होतो आणि बारीक निम्फकडे वळावं लागतं. परवाना आधीच काढून ठेवावा, कारण असं पाणी आलं तेव्हा मत्स्यविभागाचं कार्यालय उघडं असेलच असं नाही.