माडाची पात आणि शहराची भिंत

रत्नागिरीत पश्चिमेकडे तोंड असलेल्या फ्लॅटमध्ये एक पावसाळा काढला की भिंतीला काय सोसावं लागतं ते कळतं. मृग लागला की खिडकीच्या कोपऱ्यातून ओल उतरू लागते आणि गणपतीपर्यंत रंगाचे पापुद्रे सुटलेले असतात. वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि त्यातला बराचसा वाऱ्याबरोबर समुद्राकडून आडवा येणारा. अशा भिंतीच्या बाहेरून लावायची एक जाळी मी करते आहे. तिची कल्पना माडाच्या झावळीवरून घेतली आहे. पण झाडावरून इमारत सुचणं ही काही नवी गोष्ट नाही, म्हणून आधी थोडा मागोवा.

याच किनारपट्टीवर, मुंबईत, एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी आखलेलं व्हिक्टोरिया टर्मिनस १८७८ ते १८८८ या काळात उभं राहिलं. त्याच्या दगडी कोरीवकामात पानं, वेली, माकडं, मोर आहेत. ते घडवण्यात १८५७ मध्ये सुरू झालेल्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. मी सीएसएमटीला उतरले की अजूनही मान वर करून ती पानं बघते. काम अप्रतिम आहे. पण ती पानं खांबाच्या माथ्यावर शोभेला आहेत; ती काढली तरी खांब तेवढाच भार उचलेल.

दुसरी वाट इंग्लंडमध्ये सापडली. जोसेफ पॅक्स्टन हा मूळचा माळी. दक्षिण अमेरिकेतून आणलेली महाकाय कमळवेल त्याने १८४९ मध्ये चॅट्सवर्थला फुलवली. तिच्या पानाच्या पाठीवर जाड शिरांची जाळी असते, आणि त्या जोरावर ते पान लहान मुलीचंही वजन पेलतं. १८५१ च्या प्रदर्शनासाठी लंडनला बांधलेल्या क्रिस्टल पॅलेसचं छत समजावून सांगताना पॅक्स्टनने त्याच पानाचा दाखला दिला. ते छत सपाट नव्हतं. काचा चढउताराच्या घड्यांत बसवल्या होत्या आणि पाणी घडीच्या तळाशी पन्हळीत जात होतं. पुढे १८९३ मध्ये ब्रसेल्सला वास्तुकार व्हिक्टर ओर्ताने लोखंडाला वेलीची वळणं दिली, पण मला घडीच जास्त जवळची वाटते, कारण ती आमच्या अंगणातच आहे.

माडाची पात हातात घेऊन पाहा. हिराच्या, म्हणजे मधल्या कडक शिरेच्या, दोन्ही बाजूंनी ती खाली वळलेली असते, उतरत्या छपरासारखी. शिंदीची पात उलटी, वर उघडलेली, पन्हळीसारखी. माडाचं पाणी पातीवरून बाहेर गळतं, शिंदीचं आत देठाकडे उतरतं. शिवाय झावळी कोंबात असताना अखंड असते आणि उलगडताना घड्यांवर फाटत जाते, म्हणून वारा पातींमधून निघून जातो. निसर्ग वादळात ३ जून २०२० रोजी श्रीवर्धन–दिवेआगरकडे माड आणि पोफळी मोडून पडल्या, तेव्हा झाडाला अजिंक्य मानण्याचं कारण नाही. पण नेहमीच्या झडीला ही रचना पुरून उरते.

जुन्या घरांनी हेच केलं होतं. जांभ्याचा चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो आणि हवा लागून टणक होतो, पण तो सच्छिद्र असल्याने पाणीही पितो. त्यामुळे भिंतीपर्यंत पाऊस पोचूच द्यायचा नाही, हा घराचा पहिला नियम. खोल पडवी, खाली उतरलेलं छप्पर, पश्चिमेला बांधलेले माडाचे झाप. आढ्याचं पाणी वळचणीला, तिथून पागोळ्यांनी अंगणात. केंबळी, म्हणजे गवताने शाकारलेली, छपरं मागे पडली ती मंगलोरी कौलांमुळे. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि ती कौलं किनाऱ्याने वर आली. छपराचं सामान बदललं, उतार तसाच राहिला. उतार गेला तो स्लॅब आल्यावर, आणि त्याबरोबर पडवीही गेली.

ती पडवी शहरात परत आणता येते हे वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी दाखवलं. १९८३ मध्ये पूर्ण झालेल्या मुंबईच्या कांचनजुंगा इमारतीत कोपऱ्याकोपऱ्यांवर दोन मजले उंचीच्या बागा कापून काढल्या आहेत. पश्चिमेला समुद्राचा वारा आणि देखावा मिळतो, पण दुपारचं ऊन आणि पावसाचा माराही तिथूनच. जुन्या बंगल्यांनी घराभोवती व्हरांडा गुंडाळून हा पेच सोडवला होता, तोच उपाय कोरियांनी उंच इमारतीत नेला. ३२ घरांची ही इमारत श्रीमंतांसाठी होती, हेही खरं. रत्नागिरीतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटला एवढी जागा सोडणं परवडणार नाही.

म्हणून जाळी, भिंतीपासून वीतभर पुढे. पहिल्या आराखड्यात मी अख्खी झावळी काढली होती. ती सुंदर दिसत होती आणि पाणी भिंतीवरच टाकत होती, शोभेच्या पानांचीच गत. आता झावळीचं चित्र गेलं आहे आणि फक्त घडी उरली आहे: खाली वळलेल्या आडव्या पट्ट्या, मध्ये वारा जाईल एवढी फट, वरच्या पट्टीची कड खालचीच्या पुढे. जांभा इतका पातळ कापला तर तुटतो. त्यामुळे पट्ट्या भाजलेल्या मातीच्या, मंगलोरी कौलासारख्या खाचेत खाच अडकणाऱ्या.