तक्रार कोणाकडे न्यायची? प्लॅटफॉर्म कंपन्या आणि बाहेरचे डेव्हलपर : पार्श्वभूमी

विदर्भातल्या तालुक्याच्या गावी अ‍ॅप बनवणारी मुले सापडणे आता नवलाचे राहिलेले नाही. राज्य सरकारने 1983 मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि शेगाव व बडनेरा येथील महाविद्यालये त्याच वर्षी उभी राहिली. अशा महाविद्यालयांतून बाहेर पडलेले बरेच जण पुण्या-हैदराबादेकडे गेले. जे मागे राहिले किंवा परत आले, त्यांनी कृषी सेवा केंद्राची उधारी, जिनिंगमधील काटापावती, कापसाचा चुकारा, शिकवणी वर्गाची फी अशा रोजच्या नोंदींसाठी लहान अ‍ॅप करून देण्याचा व्यवसाय धरला. या मंडळींशी बोलताना एक तक्रार हमखास निघते. अ‍ॅप नाकारले गेले किंवा खाते बंद झाले की अ‍ॅपचे दुकान चालवणाऱ्या गूगल, अ‍ॅपल यांसारख्या प्लॅटफॉर्म कंपनीकडून धोरणभंग झाल्याचा मेल येतो. भंग कोणत्या पानावर, कोणत्या ओळीत झाला हे त्यात नसते. आणि विचारणा केली तर पहिलाच मजकूर पुन्हा येतो. प्रस्तुत लेखकाने एका कंपनीकडे एकाच प्रश्नासाठी चार वेळा लिहिले होते. उत्तरे चारही वेळा शब्दशः सारखी आली, फक्त खालच्या सहीतले नाव बदलत गेले.

सोयाबीन उगवले नाही तर शेतकरी तालुका कृषी अधिकाऱ्याकडे अर्ज करतो, समिती शेतावर येते आणि पंचनामा होतो. 2020 च्या खरिपात उगवण न झाल्याच्या तक्रारींचा ढीग पडला, तेव्हा या व्यवस्थेच्या मर्यादा सर्वांनी पाहिल्या. तरीही बांधावर माणूस येतो आणि जे दिसले ते कागदावर उतरते, एवढे तरी तिथे घडते. प्लॅटफॉर्म कंपनी आणि बाहेरचा डेव्हलपर यांच्या व्यवहारात पंचनाम्याची ही पायरीच नाही. ती पूर्वी कधी होती का, आणि असल्यास कुठे हरवली, हे पाहण्यासाठी बरेच मागे जावे लागते.

संगणकाच्या पहिल्या दोन दशकांत तांत्रिक साहाय्य वेगळे विकले जात नव्हते. आयबीएमचे यंत्र घेतले की प्रोग्राम, प्रशिक्षण आणि कंपनीचे अभियंते हे सारे त्याच किमतीत मिळत असे. या मदतीतही उणिवा होत्या, म्हणून आयबीएम 704 हा संगणक वापरणाऱ्या संस्थांनी 1955 मध्ये लॉस एंजेलिस येथे ‘शेअर’ नावाचा गट स्थापन केला. आपापले प्रोग्राम एकमेकांना द्यायचे आणि कंपनीपुढे मागण्या एकत्रितपणे ठेवायच्या, असे त्याचे काम होते. यंत्रे महाग आणि गिऱ्हाईक मोजके असल्याने या गटाचे म्हणणे कंपनीला ऐकावेच लागे. जानेवारी 1969 मध्ये अमेरिकी न्याय खात्याने आयबीएमवर मक्तेदारीचा खटला भरला आणि त्याच वर्षीच्या जून महिन्यात कंपनीने प्रोग्राम व सेवा यांची किंमत यंत्रापासून वेगळी करण्याचे जाहीर केले. स्वतंत्र सॉफ्टवेअर व्यवसायाला त्यामुळे वाट मिळाली, हे खरेच. परंतु साहाय्य हा विक्रीचा भाग न राहता स्वतंत्र दराची वस्तू झाला, तोही त्याच निर्णयाने.

वैयक्तिक संगणकाच्या काळात पारडे पुन्हा डेव्हलपरकडे झुकले. लोक विंडोज किंवा मॅकिंटॉश घेत ते त्यावर चालणाऱ्या प्रोग्रामसाठी, आणि ते प्रोग्राम बहुतांशी बाहेरचे लोक लिहीत. अ‍ॅपलने डेव्हलपरांची मनधरणी करण्यासाठी खास माणसे नेमली. मायक्रोसॉफ्टने 1992 मध्ये एमएसडीएन ही डेव्हलपरांसाठीची माहितीसेवा सुरू करून दस्तऐवज, नमुना प्रोग्राम आणि चुकांच्या नोंदी सीडीवर देण्यास आरंभ केला. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट 15 ऑगस्ट 1995 रोजी आले, तेही महानगरांत. अशा देशातल्या आडगावी सीडीवरच्या दस्तऐवजाचे मोल काय असेल, हे सांगायला नको. विंडोज 95 तयार होताना सिमसिटी हा खेळ नव्या प्रणालीवर कोसळतो असे आढळले. चूक खेळाची होती, कारण मोकळी करून टाकलेली संगणकाची स्मृती (मेमरी) तो पुन्हा वाचत असे. मायक्रोसॉफ्टने दोष खेळ करणाऱ्यांच्या गळ्यात घातला नाही. हा खेळ चालू आहे हे ओळखून स्मृतीचे व्यवस्थापन वेगळ्या पद्धतीने करणारा खास भाग कंपनीने स्वतःच्या प्रणालीतच घातला. यात औदार्य शोधण्याचे कारण नाही. जुना खेळ चालला नाही तर गिऱ्हाईक नवी विंडोज घेणार नाही, हा त्यामागचा सरळ हिशेब होता.

हा हिशेब 2008 मध्ये उलटला. त्या वर्षी जुलैत अ‍ॅपलचे अ‍ॅप स्टोअर सुमारे 500 अ‍ॅपनिशी उघडले आणि ऑक्टोबरात अँड्रॉइड मार्केट आले. 2012 मध्ये त्याचेच नाव गूगल प्ले झाले. पूर्वी प्रोग्राम लिहिणारा तो थेट गिऱ्हाइकाला विकत असे आणि प्लॅटफॉर्म कंपनीची परवानगी त्याला लागत नसे. आता प्लॅटफॉर्म कंपनी दारावर बसली: कोणी आत यावे हे ती ठरवू लागली आणि विक्रीतून 30 टक्के घेऊ लागली. बाजार समितीतली अडत ज्यांना जास्त वाटते, त्यांनी हा आकडा एकदा ध्यानात घ्यावा. शिवाय दारावरचे नियम कोणते, हेही सुरुवातीला सांगितलेले नव्हते; अ‍ॅपलने आपली परीक्षण-तत्त्वे सप्टेंबर 2010 मध्ये, म्हणजे दुकान उघडल्यानंतर दोन वर्षांनी प्रसिद्ध केली.

दाराआड काम कसे चालते याची पहिली अधिकृत झलक 2009 मध्ये मिळाली. गूगल व्हॉइस हे फोन-सेवेचे अ‍ॅप अ‍ॅपलच्या दुकानात न आल्यावरून अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने विचारणा केली, तेव्हा अ‍ॅपलने उत्तरात सांगितले की पूर्ण वेळ काम करणारे 40 हून अधिक प्रशिक्षित परीक्षक आहेत, आठवड्याला साधारण 8,500 नवी अ‍ॅप व सुधारणा येतात आणि प्रत्येक अर्ज किमान दोन परीक्षक पाहतात. याचे गणित कोणालाही करता येईल. माणशी आठवड्याला सव्वाचारशे तपासण्या, दिवसाला पंच्याऐंशी, म्हणजे एका तपासणीला सहा मिनिटांहून कमी वेळ. पुढे 2021 मध्ये, एपिक गेम्स या खेळ बनवणाऱ्या कंपनीने अ‍ॅपलवर भरलेल्या खटल्याच्या सुमारास, परीक्षक सुमारे 500 आणि आठवड्याचे अर्ज सुमारे 1,00,000 असल्याचे समोर आले. बारा वर्षांत कंपनीची संपत्ती कितीतरी पटींनी वाढली. मात्र परीक्षकामागे आठवड्याला येणारे अर्ज (प्रत्येक अर्ज एकदाच मोजून) 2009 मध्ये दोनशे बारा होते, ते 2021 मध्ये दोनशे झाले. सहा मिनिटांत तपासणाऱ्या माणसाने कारणमीमांसा लिहून द्यावी, ही अपेक्षाच त्या मांडणीत बसत नाही. ठरावीक मजकुराचे मेल येतात ते यामुळे, आणि त्याचा दोष परीक्षकांना देता येणार नाही.

गूगलची रीत वेगळी होती. 25 डॉलर एकदाच भरून खाते मिळे आणि अ‍ॅप काही तासांत दुकानात दिसे, कारण तपासणी यंत्राकडे होती. प्रकाशनापूर्वीच्या तपासणीत माणसे घेतल्याचे कंपनीने मार्च 2015 मध्ये सांगितले. अ‍ॅपल वर्षाला 99 डॉलर घेई आणि त्यात वर्षातून दोन तांत्रिक प्रश्नांना अभियंत्याकडून उत्तर, अशी तरतूद बरीच वर्षे होती. दोन प्रश्न ही थट्टा वाटेल, पण ज्यांनी ते वापरले त्यांना निदान उत्तर देणारा माणूस भेटला.

मग रोजच्या अडचणी कोण सोडवत होते? सप्टेंबर 2008 मध्ये स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रश्नोत्तरांचे संकेतस्थळ सुरू झाले आणि जगभरच्या डेव्हलपरांनी तिथे एकमेकांना फुकट उत्तरे द्यायला सुरुवात केली. कंपन्यांना हे फार सोयीचे पडले. फेसबुकने 2011 मध्ये आपल्या डेव्हलपरांचे प्रश्नोत्तर तिकडेच वळवले. जे काम आयबीएमचा पगारी अभियंता करीत असे, ते अशा रीतीने अनोळखी लोकांच्या भलेपणावर येऊन पडले. हे लोक एपीआय, म्हणजे प्लॅटफॉर्मच्या सोयी आपल्या प्रोग्राममधून वापरण्याची जोडणी, कसा वापरावा हे सांगू शकत. खाते का बंद झाले हे सांगणे त्यांच्या हाती नव्हते, आणि प्लॅटफॉर्मच्या गाभ्यातला दोष दुरुस्त करणेही नव्हते.

गाभ्यातल्या दोषाचे उदाहरण मराठी वाचकाला दूर शोधावे लागत नाही. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत देवनागरीच्या जागी रिकामे चौकोन दिसत. अ‍ॅपसोबत फॉन्ट दिला तरी जोडाक्षरे फुटत आणि पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसे, कारण अक्षरजुळणी प्रणालीलाच येत नव्हती. दोषाची नोंद करून वाट पाहणे एवढेच डेव्हलपरच्या हाती होते. म्हणून कित्येकांनी मजकुराची चित्रे करून अ‍ॅपमध्ये चिकटवली. फोनची भाषा म्हणून मराठी आली ती 2014 च्या अँड्रॉइड 5.0 मध्ये.

प्लॅटफॉर्म देशी असला म्हणजे अनुभव वेगळा येतो, असेही नाही. व्यावसायिक एसएमएसचा मजकूर आधी नोंदवून घेण्याची व्यवस्था दूरसंचार कंपन्यांनी 8 मार्च 2021 रोजी काटेकोरपणे लागू केली आणि देशभर ओटीपी अडले. बँकांनाच झळ बसल्यामुळे दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने ती लगेच सात दिवस स्थगित केली. मराठीतल्या एका एसएमएसमध्ये 70 अक्षरे मावतात, इंग्रजीत 160. त्यामुळे चुकाऱ्याचा निरोप शेतकऱ्याच्या भाषेत धाडायचा तर खर्च दुप्पट होतो. पण ही अडचण बँकांची नाही, म्हणून तिच्यासाठी स्थगितीही नाही.

कोणाची हाक ऐकली जाते, हा प्रश्न यानंतरही येत राहिला. 18 सप्टेंबर 2020 रोजी पेटीएम गूगल प्लेवरून काढले गेले आणि काही तासांतच परत आले. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये प्लेच्या बिलिंग धोरणावरून (अ‍ॅपमधले पैसे कोणत्या मार्गाने घ्यायचे याच्या नियमावरून) गूगलला 936.44 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. 1 मार्च 2024 रोजी शुल्काच्या वादातून काही नामांकित भारतीय कंपन्यांची अ‍ॅप काढली गेली, केंद्र सरकारने मध्यस्थी केली आणि ती थोड्याच दिवसांत परतली. पेटीएमचे प्रकरण सोडले तर हे वाद प्रामुख्याने कमिशन आणि बिलिंगचे होते. नाकारलेल्या अर्जाचे कारण मिळण्याचा हक्क त्यांत बाजूलाच राहिला. युरोपीय संघाने मात्र नेमके त्यावर बोट ठेवले. जुलै 2020 पासून तिथे लागू असलेल्या नियमानुसार प्लॅटफॉर्मला सेवा थांबवण्याची कारणे व्यावसायिकाला लेखी द्यावी लागतात, सेवा पूर्ण बंद करायची तर सर्वसाधारणपणे 30 दिवस आधी कळवावे लागते आणि तक्रार ऐकणारी अंतर्गत व्यवस्था ठेवावी लागते. आपल्याकडे 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी तक्रार अधिकारी नेमायला लावले आणि 15 दिवसांची मुदत घातली. पण त्या नियमांच्या नजरेसमोर वापरकर्ता आणि मजकूर आहेत, दुकानात माल मांडणारा डेव्हलपर नाही. बड्या डिजिटल कंपन्यांसाठीच्या स्पर्धा कायद्याचा मसुदा मार्च 2024 मध्ये प्रसिद्ध झाला, पण नाकारलेल्या अर्जाचे कारण मागायला आजच्या घडीला त्याचा उपयोग नाही.

2022 च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यावर स्टॅक ओव्हरफ्लोवरचा प्रश्नोत्तरांचा ओघ आटू लागला. फुकट उत्तरे देणाऱ्यांची जागा आता यंत्र घेत आहे. ते एपीआयचे उदाहरण क्षणात लिहून देते, पण खाते का बंद झाले हे त्यालाही ठाऊक नसते.

दुसऱ्या बाजूने दारावरच्या अटी वाढत आहेत. 13 नोव्हेंबर 2023 नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांसाठी गूगल प्लेने नियम केला, की अ‍ॅप सर्वांसाठी खुले करण्याआधी 20 जण सलग 14 दिवस त्याच्या चाचणीत सामील असले पाहिजेत. डिसेंबर 2024 मध्ये ही संख्या 12 वर आली. बनावट अ‍ॅपांचा सुळसुळाट पाहता नियमामागचा हेतू समजण्यासारखा आहे. मात्र शहरातल्या कंपनीला कार्यालयातच मिळणारे बारा जण गावात मिळवायचे म्हणजे मामा, वर्गमित्र, कृषी केंद्राचा मालक आणि जिनिंगचा दिवाणजी यांना प्रत्येकाच्या घरी जाऊन, त्यांचाच फोन हातात घेऊन चाचणीत सामील करून द्यावे लागते. दिवाणजींचा फोन ऐन कापूस वेचणीच्या हंगामात फोटोंनी भरतो आणि जागा करायला म्हणून ते नकळत चाचणीतून बाहेर पडतात. मग बाराचे अकरा होतात आणि सलग चौदा दिवस मोजायला नवा माणूस शोधावा लागतो.