कामगार साहित्य आणि दलित साहित्य: फरक धोट्यापाशी कळतो

परळच्या एका वाचनालयात कपाटाच्या एका खणावर पट्टी चिकटवलेली आहे: 'कामगार-दलित'. त्या खणात नारायण सुर्वे, नामदेव ढसाळ, अण्णा भाऊ साठे, बाबूराव बागूल दाटीवाटीनं उभे, चाळीतल्या खोलीत गाववाले राहायचे तसे. ग्रंथपालाला काय बोलायचं? चांगले शिकलेले लोकही सुर्व्यांना बिनदिक्कत 'दलित कवी' म्हणून मोकळे होतात. दोन्हीकडे मुंबई आहे, दोन्हीकडे भूक आहे, मग गल्लत व्हायचीच.

फरक समजून घ्यायचा तर गिरणीत शिरावं लागतं. १८५६ साली ताडदेवला मुंबईतली पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि पुढे कोकण-घाटावरची माणसं लोंढ्यानं इथे आली. विणाई खात्यात साच्यावर, म्हणजे मागावर, धोटा धावायचा; आडवं सूत इकडून तिकडे नेणारी ती होडीसारखी लाकडी वस्तू. त्याच्या आतल्या कांडीवर गुंडाळलेलं सूत संपलं की नवी कांडी भरायची आणि धोट्याच्या भोकाला तोंड लावून सुताचं टोक ओढून बाहेर काढायचं. आज एकानं ओढलं, उद्या दुसऱ्यानं. म्हणजे एकाची थुंकी दुसऱ्याच्या ओठाला लागणारच. एवढ्यासाठी सवर्ण विणकरांनी अस्पृश्यांना त्या खात्यात पाऊल टाकू दिलं नाही. आणि पगार बरा मिळायचा तो नेमका विणाईतच! १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेब आंबेडकरांनी हा मुद्दा लावून धरला. मागण्यांच्या यादीत तो घ्यायला कामगार पुढारी फारसे राजी नव्हते.

कामगार साहित्याला धोटा चालवणारा माणूस दिसतो. त्याचा घाम, त्याची पाळी, त्याचा संप आणि समोर मालक. मामा वरेरकरांनी तर गिरणगावावरच्या कादंबरीला 'धावता धोटा' असंच नाव दिलं. दलित साहित्य त्याच धोट्यापाशी थांबून विचारतं, याला तोंड लावायची मुभा कुणाला? इथे समोर मालक असतोच, पण शेजारच्या साच्यावरचा सोबतीही असतो.

म्हणून सुर्वे कामगार कवी. गिरणी कामगार गंगाराम सुर्व्यांना ते तान्हेपणी सापडले, त्यांनीच वाढवलं. जन्मदात्यांचा पत्ता नाही, त्यामुळे जातीचाही नाही. सुर्व्यांच्या कवितेतला माणूस 'आम्ही' म्हणतो तेव्हा त्यात अख्खी चाळ मावते. 'माझे विद्यापीठ' (१९६६) या संग्रहातलं विद्यापीठ म्हणजे रस्ता, कारखाना, माणसं. त्यांची भाषा साधी, सभेत म्हणता येईल अशी. ढसाळांचा 'गोलपिठा' (१९७२) हा कवितासंग्रह सभेत म्हणून बघा! कामाठीपुऱ्याच्या आसपासचं ते जग कामगार चळवळीच्या हजेरीपटावर नव्हतंच. वेश्या, भडवे, भिकारी, गटारं. तिथे पाळीचा भोंगा नाही की युनियनची पावती नाही. त्याच वर्षी दलित पँथर ही दलित तरुणांची लढाऊ संघटना निघाली, तिच्या संस्थापकांत ढसाळ होते. सुर्वे वाचून मूठ वळते, ढसाळ वाचून आधी पोटात ढवळतं. मला विचाराल तर दोन्हींची गरज आहे, पण एकाच्या चवीनं दुसरा वाचू नये.

अर्थात ही भिंत नंतरची. नारायण मेघाजी लोखंडे १८८० पासून मुंबईत 'दीनबंधू' हे वृत्तपत्र चालवत होते, १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभारली, आणि ते जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले. त्यांना जात आणि पगार हे दोन वेगळे विषय वाटले नाहीत. अण्णा भाऊ मातंग समाजातले, लाल बावट्याचे शाहीर. १९५८ साली मुंबईतल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनात, पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नव्हे तर दलित आणि कष्टकरी यांच्या तळहातावर तरली आहे, असं ते म्हणाले. दोन्ही शब्द एका दमात.

बागुलांना मात्र मी त्या पट्टीखालीच राहू देईन. 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या कथेतला तरुण रेल्वेत कामाला लागतो, जात लपवून राहतो. हा शिकलेला, चांगलं बोलणारा, म्हणून सोबतचे कामगार त्याला मान देतात. मग एक दिवस त्याची जात कळते. त्याच्यावर तुटून पडतात ते हेच सोबतचे, साहेब नव्हे.