कुंडीतला खिळा आणि जास्वंदीची पिवळी पालवी

जास्वंदीची किंवा अनंताची नवी पालवी पिवळी पडू लागली की कुंडीत दोन-चार गंजके खिळे पुरावेत, म्हणजे झाडाला लोह मिळते, असा सल्ला मोबाइलवरून सतत फिरत असतो. यातले निदान पुष्कळदा बरोबर असते, पण उपाय निरुपयोगी असतो. कारण अशा मातीत लोहाची वाण सहसा नसतेच. पृथ्वीच्या कवचात वजनाने सुमारे 5 टक्के लोह आहे आणि बेसाल्ट झिजून बनलेल्या दख्खनच्या मातीत तर त्याचा तोटा असण्याचे काहीच कारण नाही.

आधी कोणती पाने पिवळी पडली आहेत ते पाहावे. नत्र आणि मॅग्नेशियम झाडाला जुन्या पानांतून काढून शेंड्याकडे नेता येतात, म्हणून त्यांची कमतरता खालच्या पानांवर दिसते. लोह मात्र एकदा पानात स्थिरावले की रसवाहिन्यांतून सहजासहजी हलत नाही. त्यामुळे त्याची चणचण भासताच शेंड्याची कोवळी पाने पिवळी पडतात आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोह हा हरितद्रव्याचा घटक नव्हे, त्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियम असते. परंतु हरितद्रव्य घडवणाऱ्या काही विकरांचे (एन्झाइमांचे) काम लोहावाचून अडते.

हवेशीर मातीत लोह फेरिक स्वरूपात, म्हणजे जवळजवळ गंजाच्याच अविद्राव्य रूपात असते. मातीचा सामू (पीएच, तो जितका जास्त तितकी माती अल्कधर्मी) एका अंकाने वाढला की पाण्यातील मुक्त फेरिक आयन सुमारे हजारपटीने घटतात. म्हणजे सामू 6 वरून 8 वर गेला तर ते दहा लाख पटीने कमी होतात. जास्वंद, गुलाब, लिंबू यांसारख्या द्विदल वनस्पतींची मुळे यावर तीन टप्प्यांत मात करतात. प्रथम ती प्रोटॉन बाहेर सोडून भोवतालची माती आम्लधर्मी करतात. मग मुळांच्या पृष्ठभागावरील एक विकर फेरिक आयनाला एक इलेक्ट्रॉन देऊन त्याचे अधिक विद्राव्य अशा फेरस आयनात रूपांतर करते. आणि शेवटी 'आयआरटी1' नावाचे वाहक प्रथिन त्या फेरस आयनाला पेशीत ओढून घेते. गवतवर्गीय वनस्पतींची रीत निराळी आहे. त्यांची मुळे म्युजिनिक आम्लाच्या गटातील रेणू बाहेर सोडतात, हे रेणू फेरिक आयनाला सहा ठिकाणी पकडतात आणि ती अख्खी जोडीच मूळ शोषून घेते. हे स्राव जपानमधील ताकागी यांनी 1976 मध्ये वर्णिले. सातू असे रेणू भरपूर सोडतो, भात फार थोडे. म्हणून चुनखडीच्या कोरडवाहू जमिनीत भात लवकर पिवळा पडतो.

कूपनलिकेच्या जड पाण्यातील बायकार्बोनेट नेमका पहिलाच टप्पा मोडून काढतो. मुळांनी सोडलेला प्रोटॉन तो तिथल्या तिथे निष्प्रभ करतो, सामू उतरत नाही आणि पुढील विकरही मंदावते. अंड्याच्या टरफलांची पूड म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच. अशा कुंडीत ती घातल्याने दुखण्यात भरच पडते. खिळ्याचा गंज तर त्याच अविद्राव्य फेरिक साठ्यात जाऊन मिळतो. झाडाला नजर लागली म्हणून काळी बाहुली टांगणारे निदान सामू तरी बिघडवत नाहीत.

कोरड्या मातीवर थोडे व्हिनेगर टाकून बुडबुडे आले तर तीत चुना आहे असे समजावे. त्याआधी कुंडीच्या तळाचे छिद्र तपासणे आवश्यक आहे, कारण सतत ओल्या मातीत गुदमरलेल्या मुळांमुळेही पालवी पिवळी पडते. निचरा ठीक असेल, तर लिटरभर पाण्यात 3 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि 1 ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवून ताज्या द्रावणाची संध्याकाळी पानांवर फवारणी करावी. द्रावण तसेच ठेवले तर फेरस पुन्हा फेरिक होते. लोहक्षारांनी पिवळी पाने हिरवी होतात, हे फ्रान्समधील युझेब ग्रिस यांनी 1840 च्या दशकातच दाखवले होते. फवारणीने मातीतील मूळ कारण मात्र जात नाही, म्हणून नव्या पालवीवर ती पुन्हा करावी लागते; शक्य असेल तिथे साठवलेले पावसाचे पाणी घालणे अधिक चांगले.

मातीतून देण्यासाठी चिलेटेड लोह, म्हणजे लोहाला पकडून विद्राव्य ठेवणाऱ्या रेणूशी बांधलेले लोह, घेताना पाकिटावरील त्या रेणूचे नाव वाचावे. स्वस्तात मिळणारे ईडीटीए सामू साधारण 6.5 च्या वर गेल्यावर लोहाला धरून ठेवू शकत नाही, डीटीपीए 7.5 पर्यंत तग धरते आणि चुनखडीच्या मातीत फक्त महागडे ईडीडीएचए टिकते. त्याचे द्रावण गडद लाल असते आणि फरशीवर सांडले तर डाग पडतो.