४८८चा आकडा आला कुठून?

पेशींना चमकणारी रंगद्रव्यं लावून त्या एकेक करून लेझरच्या झोतातून नेत तपासायच्या, या तंत्राला फ्लो सायटोमेट्री म्हणतात. त्यात काम करणाऱ्याला ‘४८८’ एवढं म्हटलं की पुरतं. निळ्या लेझरची ही तरंगलांबी, नॅनोमीटरमधली. पण हा आकडा जीवशास्त्रज्ञांनी ठरवलेला नाही, तो आरगॉन वायूने दिला. पुढे वायू गेला तरी आकडा राहिला.

१९६९ मध्ये स्टॅनफर्डला लेनर्ड हर्झेनबर्ग यांच्या गटाने चमकणाऱ्या पेशी वेगळ्या काढणारं यंत्र दाखवलं, त्यात पाऱ्याचा दिवा होता. दिव्याचा प्रकाश चहूकडे पसरतो, एकेका पेशीच्या वाट्याला फारच थोडा येतो. १९७२ पर्यंत त्याची जागा आरगॉन-आयन लेझरने घेतली. त्याची ४८८ची रेषा फ्लुओरेसीन या जुन्या, हाताशी असलेल्या रंगद्रव्याला छान जुळली. मग नवं रंगद्रव्य घेतानाही ‘४८८वर चमकतं का?’ हेच आधी पाहिलं जाऊ लागलं.

मोठ्या आरगॉन लेझरला थ्री-फेज वीज आणि सतत वाहतं पाणी लागे. काही वॉट प्रकाशासाठी कित्येक किलोवॉट वीज जायची आणि बाकी सगळी उष्णता पाण्यावाटे बाहेर. यंत्र यायच्या आधी प्लंबर यायचा. पुढे हवेवर थंड होणारे १५ मिलिवॉटचे लेझर आले. पाणी सुटलं, पंख्याची घरघर आणि झिजत जाणारी नळी मात्र राहिली.

वायूऐवजी स्फटिकातून प्रकाश देणारे घन-अवस्था लेझर तेव्हाही होते, पण आकडा जुळत नव्हता. निओडिमियमच्या स्फटिकातून १०६४चा अवरक्त प्रकाश निघतो. दुसऱ्या एका स्फटिकातून नेऊन त्याची तरंगलांबी निम्मी केली की हिरवा ५३२ मिळतो. ९४६चे होतात ४७३. ४८८ कुठेच नाही.

शिवाय प्रकाश थरथरायचा. पेशी झोतातून जाते ती जेमतेम काही मायक्रोसेकंदांत. तेवढ्यात लेझर किंचित मंदावला तर यंत्राला वाटतं, पेशीच फिकी आहे. सुरुवातीच्या हिरव्या लेझरमध्ये हा दोष इतका ठळक होता की त्याला ‘ग्रीन प्रॉब्लेम’ असं नावच पडलं. १९८६ मध्ये थॉमस बेअर यांनी कारण दाखवलं: लेझरच्या आरशांमधल्या पोकळीत प्रकाशाची जी निरनिराळी कंपनं असतात, त्यांची तरंगलांबी निम्मी करणाऱ्या स्फटिकात एकमेकांशी ओढाताण होते. माझ्या मते लेझर लहान करण्यापेक्षा हा प्रकाश शांत करणं, हेच खरं कष्टाचं काम होतं.

२००० नंतर आकड्याचं कोडं सुटलं. अर्धवाहकाचे थर हव्या त्या तरंगलांबीसाठी रचता येतात. ते ९७६साठी रचले, डायोडच्या प्रकाशाने चेतवले आणि ९७६ची निम्मी केली: ४८८! तळहातावर मावेल एवढी पेटी, नळ नाही, थ्री-फेज नाही. त्याच सुमारास शुजी नाकामुरा यांच्या गॅलियम नायट्राइड या अर्धवाहकावरच्या कामातून आलेला ४०५चा जांभळा डायोडही यंत्रात शिरला. लाल डायोड त्याआधीच आला होता. एका टेबलावर तीन-चार लेझर मावू लागले, म्हणून एकाच पेशीवर वेगवेगळ्या रंगद्रव्यांच्या कितीतरी खुणा एकदम वाचता येऊ लागल्या. टाटा मेमोरियलच्या खारघरमधल्या कर्करोग केंद्रात, म्हणजे अ‍ॅक्ट्रेकमध्ये उपचारानंतर उरलेली ल्युकेमियाची पेशी हजारोंच्या गर्दीतून शोधतात, ती अशाच खुणांवरून.

५६१ची गोष्ट मात्र उलटी आहे. लाल शैवालातलं फायकोएरिथ्रिन ५६५च्या आसपास सर्वाधिक प्रकाश शोषतं, ४८८वर ते इतकी वर्षं अर्धपोटी चमकत होतं. निओडिमियमची ११२३ची दुबळी रेषा मुद्दाम निवडून, निम्मी करून त्याच्यासाठी ५६१ घडवला. इथे रंगद्रव्य आधी होतं, लेझर त्याच्या मापाने बेतला.