जिल्ह्याची सरासरी आणि फडातलं लेकरू

साताऱ्यातल्या कुणालाही विचारा की तुमच्या जिल्ह्यात पाऊस किती पडतो, तो आधी तुम्हालाच विचारेल, कुठं? महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर कोसळतो, आणि माण तालुक्यात म्हसवड-दहिवडीकडं पाचशे पडला तरी लोक म्हणतात यंदा बरा झाला. दोन्हींची बेरीज करून दोनानं भागलं तर पावणेतीन हजार येतात, आणि हा आकडा ना महाबळेश्वरचा ना माणचा. पावसाचं हे आपल्याला न शिकवता कळतं, पण आरोग्याचं आलं की आपण जिल्ह्याचा एकच आकडा ऐकतो, लसीकरण इतके टक्के, दवाखान्यातली बाळंतपणं इतके टक्के, आणि चला चांगलं चाललंय म्हणून पुढं जातो.

माझी वहिनी कराड तालुक्यात आशाताई आहे. गेल्या हंगामात एकदा तिच्याबरोबर फडाकडं गेलो होतो, कारखान्याच्या रस्त्यालगत ऊसतोड टोळीच्या कोप्या पडल्या होत्या. वाढ्यानं शाकारलेली कोपी, आत एक पेटी, चूल, आणि साडीच्या झोळीत वर्षभराचं पोर. आई मोळ्या बांधायला पहाटे गेलेली, ती दुपारी आली. वहिनीनं बाळाचं लसीकरणाचं कार्ड मागितलं तर ती म्हणाली, "ताई, कार्ड गावाकडंच ऱ्हायलं, निघायच्या गडबडीत." मग गावच्या आशाताईचा नंबर मुकादमाकडून मिळवून फोन झाला, तिनं रजिस्टर बघून फोटो पाठवला, दहा मिनिटांत कळलं की पेंटाचे, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्र लसीचे, तिन्ही डोस झालेत पण नवव्या महिन्याला द्यायचा गोवर-रुबेलाचा पहिला डोस राहिलाय, कारण बाळाला नऊ महिने भरले तेव्हा टोळी निघालेली होती.

मला जे खरं लागलं ते पुढं आहे. गावच्या रजिस्टरला या पोरापुढं "बाहेरगावी" असा शेरा होता, आणि इकडं वहिनीच्या सर्व्हेत ते नव्हतंच, कारण सर्व्हे गावातल्या घरांचा. तिनं आपल्या डायरीच्या मागच्या पानावर अशा लेकरांची वेगळी यादी काढलीय, वर पेननं लिहिलंय "पाहुणी लेकरं". टक्केवारी म्हणजे वर लस झालेली मुलं आणि खाली एकूण मुलं, आणि खालच्या आकड्यात जे पोर नाही ते राहिलं तरी टक्का हलत नाही. दोन गावांच्या मधे पडलेलं पोर दोन्हीकडच्या हिशोबाला दिसतच नाही.

आता यानं काय फरक पडतो ते गोवराच्या उदाहरणानं बघू, कारण गोवर हा हिशोबाला फार कडक आजार आहे. कुणालाच प्रतिकारशक्ती नाही अशा वस्तीत गोवराचा एक पेशंट साधारण १२ ते १८ जणांना लागण करतो. पंधरा धरा. साथ थांबायची तर त्या पंधरापैकी चौदा जण तरी सुरक्षित पाहिजेत, म्हणजे एकाकडून जास्तीत जास्त एकालाच जाईल. पंधरातले चौदा म्हणजे ९३ टक्के, आणि म्हणूनच ९५ टक्क्यांचं टार्गेट ठेवतात. समजा एखाद्या जिल्ह्यानं ९५ गाठले. राहिलेली पाच टक्के मुलं गावोगावी विखुरलेली असती तर विषाणूला पुढची पायरी सापडली नसती, पण ती विखुरलेली नसतातच ना, ती एकत्र राहतात, फडावर, वीटभट्टीवर, शहराच्या कडेच्या पत्र्याच्या वस्तीत. एका कोपीत दुसरीचा धूर येतो इतक्या जवळ. तिथं निम्मी मुलं लसीविना असली तर त्या वस्तीपुरता जिल्ह्याचा ९५ चा आकडा काहीही कामाचा नाही, तिथं एक पेशंट सात-आठ जणांना देणार. २०२२ मध्ये मुंबईत गोवंडीला आणि मालेगाव, भिवंडीत गोवर उसळला तो अशाच दाट आणि लस कमी पोचलेल्या वस्त्यांमधून.

हीच गोष्ट दवाखान्यांची. सांगली जिल्हा घ्या. मिरजेत १८९४ साली डॉ. वॉनलेस यांनी हॉस्पिटल उभं केलं, पुढं सरकारी मेडिकल कॉलेज आलं, रेल्वे जंक्शन असल्यानं कर्नाटकातूनसुद्धा पेशंट येतात, गल्लीगल्लीत स्पेशालिस्ट. आणि त्याच जिल्ह्यात जतच्या पूर्वेला उमदीकडची गावं, मिरज शंभर किलोमीटरच्या पुढं, पाऊस नाही, कामासाठी बाहेर जाणारे खूप, आणि बऱ्याच घरांत बोली कन्नड, म्हणजे डॉक्टरांना पोटात नक्की कसं दुखतंय हे सांगताना पण अडतं.

नियमानं सपाट भागात ३०,००० लोकांमागं एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ५,००० मागं एक उपकेंद्र असतं, डोंगरी-आदिवासी भागात २०,००० आणि ३,०००. डोकी मोजून वाटलं की सरळ वाटतं. पण गणित करून बघा, चौरस किलोमीटरला ६०० माणसं असतील तर ३०,००० लोक ५० चौरस किलोमीटरमध्ये मावतात, केंद्र मधोमध असेल तर लांबातला लांब माणूस चारेक किलोमीटरवर. वस्ती विरळ, १५० चीच असेल तर तेच लोक २०० चौरस किलोमीटरवर पसरतात आणि अंतर दुप्पट होतं, तेही नकाशावरचं सरळ, रस्त्याचं त्याहून जास्त, आणि एसटी दिवसातून दोनदाच असेल तर किलोमीटर मोजण्यात अर्थच नाही, तास मोजावे लागतात. त्यात गर्भवती बाईची एक दिवसाची मजुरी बुडते. औषध फुकट असलं तरी तिचा खर्च तिथंच झालेला असतो.

वेल्समधल्या एका कोळसा खाणींच्या गावात डॉक्टरकी करणाऱ्या ज्युलियन ट्युडर हार्ट यांनी १९७१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे मांडलं होतं, की जिथं चांगल्या उपचाराची गरज जास्त तिथंच तो कमी मिळतो. त्याला उलट्या काळजीचा नियम म्हणूया. त्यांचं म्हणणं होतं की वैद्यकीय सेवा जितकी बाजाराच्या हातात जाते तितका हा नियम जोरात चालतो, आणि मिरज-जत रस्त्यानं एकदा गेलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

साताऱ्याच्या पश्चिमेकडं अडचण पाण्याची, पण उलटी. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयापलीकडं कांदाटी खोऱ्यात बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झाला तर बाईच्या हातात दोनेक तास असतात. बाळंतपणातले मृत्यू अभ्यासणारे तीन उशीर मोजतात, घरात निर्णय घ्यायला लागलेला, दवाखान्यात पोचायला लागलेला, आणि पोचल्यावर उपचार सुरू व्हायला लागलेला. १०८ ची गाडी फुकट आहे, पण रात्री लाँच नसेल तर ती गाडी पलीकडच्या काठावर उभी राहून करणार काय? म्हणून अशा भागात बाईला तारखेच्या आधीच काही दिवस दवाखान्याजवळ आणून ठेवणं, तिच्या सोबतीच्या माणसाच्या जेवणाची सोय करणं, हा खरा उपचार आहे, आणि त्याला माणशी खर्च जास्त येणार. येऊ दे.

ब्रिटनमध्ये आरोग्यातल्या विषमतेचे अभ्यासक मायकेल मार्मट यांच्या २०१० च्या अहवालात हेच तत्त्व आहे, सेवा सगळ्यांना, पण जोर गरजेच्या प्रमाणात. मला वाटतं आपल्याकडं याची सुरुवात पैशाच्याही आधी आकड्यापासून व्हावी. जिल्ह्याचा टक्का जाहीर करताना सगळ्यात मागं असलेल्या दहा उपकेंद्रांचा टक्काही त्याच्याच शेजारी छापा, आणि हंगामात आलेल्या टोळ्यांची मुलं जिथं आहेत तिथल्या एकूण आकड्यात धरा, म्हणजे वहिनीला डायरीचं मागचं पान लागणार नाही.

त्या पोराला पुढच्याच लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत डोस मिळाला, आईनं त्यासाठी अर्धा दिवस खाडा केला. पहिल्या डोसनं शंभरातली ८५ च्या आसपास मुलं सुरक्षित होतात, दुसरा १६ ते २४ महिन्यांत लागतो, आणि तोवर टोळी परत गेलेली असणार. वहिनीनं नवीन कार्ड केलं, त्यावर दुसऱ्या डोसचा महिना मोठ्या अक्षरात लिहिला, प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीत ठेवायला लावलं, आणि तिथूनच गावच्या आशाताईला परत फोन लावला, "तुमच्या यादीतला 'बाहेरगावी' शेरा काढू नका ताई, पण खाली तारीख लिहून ठेवा."